थेंबाथेंबाने चढणारे औषध

‘बाटली चढविणे’ हा शब्दप्रयोग सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. शेजारच्या बेनने ‘बाटलो चडाव्यो के?’ असे विचारले की आपणही सहज ‘हो, दोन चढविल्या’ असे उत्तर देतो. लिंबायत काय किंवा उधना काय, ताप आला, पाळीचा कामधंदा करून अंग मोडून आले, की बाटली चढवून घ्यावी म्हणजे ताकद येते, अशी आपल्या पुष्कळ कुटुंबांची दृढ समजूत आहे. या बाटलीत असते तरी काय? नेहमीच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि बाकीचे शुद्ध पाणी. चहाचा एक लहान चमचाही पुरा भरणार नाही, इतके हे मीठ! ज्याच्या शरीरातील पाणी उलट्या-जुलाबांनी निघून गेले आहे, त्याला ही बाटली प्राणदान देते. परंतु धडधाकट असून केवळ थकलेल्या माणसाला तिच्यापासून मिळणारी ताकद ही एका पेल्यातील मीठ घातलेल्या लिंबूसरबतापेक्षा अधिक नसते.

मला गेल्या पावसाळ्यात जी बाटली लावण्यात आली ती मात्र या जातीची नव्हती. तिच्यात सलाईन होते, पण ते केवळ वाहन म्हणून. त्या वाहनात बसून एक औषध माझ्या शिरेत जावयाचे होते, आणि त्या प्रवासाला सबंध दिवस लागला. दुसऱ्या आठवड्यात मी शाळेत परतले तेव्हा नववीच्या वर्गातील मुलींनी मला गराडा घातला. ‘बाई, एवढा वेळ का लागतो? तेच औषध गोळीतून का देत नाहीत? दुखते का?’ असे त्यांचे प्रश्न होते. प्रश्न चांगले होते. त्यांची उत्तरे तासाच्या पाच मिनिटांत देण्याजोगी नव्हती म्हणून ती येथे लिहीत आहे. शिवाय आपल्या शाळेतील मुलांच्या घरी कोणाची आई, कोणाची आजी अशाच दुखण्याने बेजार आहे हे मला ठाऊक आहे. त्यांच्याही वाचनात हे यावे.

प्रथम दुखण्याविषयी. मराठीत आपण सांध्यांच्या सगळ्याच दुखण्यांना ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतो. वयोमानाने गुडघे झिजणे हे वेगळे आणि माझा आजार वेगळा. याला आमवात म्हणतात. माधवकराने ‘माधवनिदान’ या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्याला आता बाराशे वर्षे होऊन गेली. आधुनिक वैद्यक ज्याला ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते तो याच्याशी पुष्कळसा जुळणारा आजार होय. शंभर प्रौढ माणसांत साधारणपणे अर्ध्या ते एका माणसास तो होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक आढळतो.

या आजाराचे विलक्षण हे की त्यात शत्रू बाहेरून येत नाही. आपल्या शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंना ओळखून त्यांच्यावर तुटून पडतात, हे तुम्ही जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचले आहे. आमवातात या रक्षकांची ओळख चुकते. सांध्याच्या आतल्या बाजूस एक नाजूक अस्तर असते. ते वंगणासारखा द्रव तयार करून सांधा हलता ठेवते. रक्षक पेशी त्या अस्तरालाच परका समजून त्याच्यावर हल्ला चढवितात. अस्तर सुजते, जाड होते, आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. हातांच्या बोटांचे मधले सांधे, बोटांच्या मुळाचे सांधे, मनगटे ही त्याची आवडती ठिकाणे. पहाटे उठल्यावर हात आखडलेले असतात. मूठ मिटत नाही. ही आखडण तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ टिकते. कामाला लागल्यावर सैल पडते आणि म्हणूनच घरची माणसे म्हणतात, ‘चालते-फिरते आहे की, हिला काय झाले आहे?’

मला प्रथम जाणवले ते खडूच्या बाबतीत. फळ्यावर पूर्ण ओळ लिहून होईपर्यंत खडू दोनदा हातातून गळून पडू लागला. नंतर डब्याचे झाकण उघडेना, मग पोळ्या लाटता येईनात. आपल्या वस्तीतील कितीतरी स्त्रिया घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात, लेस शिवतात, धागे कापतात. बोटे हेच त्यांचे भांडवल. अशा घरात हा आजार शिरला म्हणजे तो नुसता सांध्यात राहत नाही, चुलीपर्यंत पोहोचतो.

या रोगावरील उपचारांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, पण तो थोडक्यात सांगते. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी अंथरुणाला खिळलेल्या एका आमवाताच्या रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन हे द्रव्य टोचले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली त्यांना इतर दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. साऱ्या जगाला वाटले, रोग जिंकला! परंतु लवकरच दिसून आले की हे स्टेरॉइड जातीचे औषध दीर्घकाळ भरपूर घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, आणि मूळ रोग आत धुमसतच राहतो. कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या ‘जादूच्या’ गोळ्यांनी एका रात्रीत सांधे मोकळे झाले, तर त्या पुडीत बहुधा हेच असते. पुडीवर नाव नाही ती गोळी पोटात जाऊ नये, एवढे मुलांनीही घरी बजावून सांगावे.

पुढे मेथोट्रेक्सेट आले. हे औषध मूळचे कर्करोगावरचे. ते ज्या प्रयोगशाळेत निर्माण झाले तिचे सूत्रधार आपल्या आंध्रातील भीमावरम् गावी जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतून क्वचितच भेटते याचे मला वाईट वाटते. अल्प प्रमाणात, आठवड्यातून एकदाच घेतले असता हे औषध आमवात आवरते. आठवड्यातून एकदा, रोज नव्हे. रोज घेतल्यास ते जीवावर बेतते. पुष्कळ रुग्णांचे यावर भागते. माझे भागले नाही. तीन वर्षांत मेथोट्रेक्सेट व त्याच्या जोडीची दोन औषधे घेऊनही उजव्या मनगटाची सूज हटेना, आणि क्ष-किरण चित्रात हाड कुरतडल्याची खूण दिसली. तेव्हा डॉक्टरांनी पुढची पायरी सुचविली. तिचे नाव रिटुक्सिमॅब.

हे नाव कानाला परके वाटते, पण त्याची फोड सोपी आहे. शेवटचा ‘मॅब’ हा भाग ‘मोनोक्लोनल अँटिबॉडी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आला आहे. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड. शरीरात शिरलेल्या जंतूला कुलपाला किल्ली बसावी तसा नेमका जाऊन चिकटणारा हा एक प्रथिनाचा कण असतो. १९७५ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉर्जेस क्योहलर व सेझार मिल्स्टाइन या दोघांनी हव्या त्या एकाच प्रकारचा प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवा तितका निर्माण करण्याची युक्ती शोधून काढली. उंदराच्या प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशीचा त्यांनी एका न मरणाऱ्या कर्कपेशीशी संयोग घडवून आणला. जन्मास आलेली संकरित पेशी अखंड वाढत राहिली आणि अखंड तोच एक प्रतिपिंड स्रवत राहिली. १९८४ साली त्यांना नील्स येर्ने यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले. या शोधाचे एकस्व घेण्यात आले नव्हते, हीही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रिटुक्सिमॅब हा असाच एक प्रतिपिंड. त्याचा चिकटणारा टोकाचा भाग उंदराकडून घेतलेला आणि बाकीचे अंग मानवी धर्तीचे. आमच्या घरी ही हकीकत कळल्यावर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. ‘उंदराचे औषध अंगात घ्यायचे?’ हा त्यांचा प्रश्न होता. त्यांची समजूत मी अशी घातली की, उंदीर कोठेही नाही. त्याच्याकडून फक्त किल्लीचा आकार उसना घेतला आहे. ही किल्ली कोणत्या कुलपाला बसते? आपल्या रक्तात ‘बी’ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्या पृष्ठभागावर ‘सीडी-२०’ नावाचे एक प्रथिन असते. रिटुक्सिमॅब त्याला जाऊन चिकटते, आणि तशी खूण बसलेल्या पेशी शरीर स्वतःच नष्ट करते. आमवातातील गोंधळ माजविण्यात या बी पेशींचा मोठा हात असतो. त्या गेल्या की हल्ला मंदावतो. मौज अशी की, हाडांच्या मगजातील ज्या मूळ पेशींपासून या जन्मतात त्यांच्यावर ते प्रथिन नसते. म्हणून मूळ शाबूत राहते आणि सहा महिने ते वर्षभरात नव्या बी पेशी पुन्हा उगवतात. शेतातले तण कापावे, रान मात्र जळू नये, तसा हा प्रकार आहे.

हे औषध १९९७ साली अमेरिकेत एका प्रकारच्या कर्करोगासाठी मान्य झाले व २००६ साली आमवातासाठी. प्रारंभी त्याची किंमत ऐकूनच माणसे उठून जात. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीने तेच औषध आपल्या देशात बनवून पुष्कळ कमी किमतीत बाजारात आणले. पुढे इतर भारतीय कंपन्यांनीही ते बनविले. तरीही ते स्वस्त आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या घरी त्यासाठी बँकेतील मुदत ठेव मोडावी लागली. या जातीच्या औषधांत आणखी काही आहेत. परंतु त्यांतील काहींमुळे शरीरात दडून बसलेला क्षय जागा होण्याचा धोका अधिक असतो, आणि क्षय आपल्या देशात घरोघर ठाऊक असलेला पाहुणा आहे. डॉक्टरांनी माझ्यासाठी हेच निवडले त्याचे एक कारण हे होते.

आता मुलींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. हे गोळीतून का देत नाहीत? कारण ते प्रथिन आहे. डाळीतील वा अंड्यातील प्रथिनाचे पोटात जे होते तेच याचेही होईल. जठर त्याचे तुकडे तुकडे करून टाकील. शिवाय त्याचा कण प्रचंड मोठा. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी आपण घेतो, तिच्या रेणूशी तुलना केली तर रिटुक्सिमॅबचा रेणू सुमारे साडेनऊशे पट जड भरतो. असा अजस्र रेणू आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही. त्याला थेट रक्तात नेऊन सोडावे लागते.

शिरेतून औषध देण्याची कल्पना आजची नव्हे. १६५६ साली ऑक्सफर्ड येथे ख्रिस्तोफर रेन याने पिसाची पोकळ दांडी वापरून एका कुत्र्याच्या शिरेत द्रव सोडला होता. हाच रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल देवालयाचा शिल्पकार म्हणून प्रसिद्धीस आला. परंतु माणसाच्या कामी ही युक्ती खऱ्या अर्थाने आली ती पटकीच्या साथीत. १८१७ साली बंगालमध्ये भडकलेली पटकी देशोदेशी पसरत १८३१ साली इंग्लंडात पोहोचली. तेव्हा ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासून दाखविले की त्यातील पाणी व क्षार निघून जातात. आणि १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लॅटा याने क्षाराचे पाणी शिरेत सोडून मरणोन्मुख माणसे उठवून बसविली. आपण ज्याला बाटली म्हणतो तिचा हा जन्म. तो ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानातील पहिल्या तारायंत्राच्या तारा त्यानेच टाकल्या! एका माणसाच्या आयुष्यात किती गोष्टी मावतात, पाहा.

असो. औषध देण्यापूर्वीची तयारीच महिनाभर चालली होती. काविळीच्या ‘बी’ विषाणूची तपासणी झाली, कारण तो यकृतात निद्रिस्त असल्यास या औषधाने जागा होऊन घातक ठरू शकतो. छातीचे चित्र काढले. फ्लू व न्यूमोनिया यांच्या लसी चार आठवडे आधीच टोचून घेतल्या. बी पेशी गेल्यानंतर लस टोचली तर ती शिकवणार कोणाला? आदल्या दिवशी एक सूचना मिळाली ती मला नवी होती. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यावयाची नाही, कारण औषध चढत असता रक्तदाब आपोआप खाली येऊ शकतो.

सकाळी आठ वाजता आम्ही रुग्णालयात पोहोचलो. रात्री मुक्काम न करणाऱ्या रुग्णांचा तो कक्ष होता. सहा खुर्च्या, पाठ मागे कलती होणाऱ्या, आणि प्रत्येकीशेजारी बाटली अडकविण्याचा खांब. वजन, ताप, नाडी, रक्तदाब यांची नोंद झाली. मग सिस्टरने डाव्या हातावर शीर शोधली. शिरेत सुई राहते असा आपला समज असतो, तो खरा नाही. सुईच्या वर एक मऊ नळी चढविलेली असते. सुई आत शिरून नळीला वाट करून देते आणि लगेच बाहेर निघते. आत राहते ती केवळ नळी. दुखले ते मुंगी चावावी तेवढेच, आणि तेही एकदाच.

शेजारच्या खुर्चीत बारा वर्षांचा एक मुलगा रक्त घेत बसला होता. त्याला थॅलेसीमिया होता. दर तीन आठवड्यांनी तो येई. माझा चेहरा पाहून तो गुजराथीत म्हणाला, ‘मासी, पहेली वार छे? डाबो हाथ सारो, जमणा हाथे खवाय.’ डावा हात चांगला, उजव्याने जेवता येते! डॉक्टरांनी महिनाभरात जे सांगितले नव्हते ते या अनुभवी गुरूने एका वाक्यात सांगितले. दिवसभरात त्याने गणिताची दोन प्रकरणे सोडविली आणि मधूनमधून माझ्या बाटलीकडे लक्षही ठेवले.

दहा वाजता मुख्य औषधाची पूर्वतयारी म्हणून तापाची गोळी, खाज व पित्त उठू नये म्हणून एक इंजेक्शन आणि स्टेरॉइडचे १०० मिलिग्रॅम, असे तिन्ही देण्यात आले. त्यानंतर अर्धा तास थांबावयाचे. साडेदहाला औषधाची पिशवी खांबावर चढली. थंड पेटीतून काढलेल्या कुप्यांतील १०० मिलिलिटर औषध ४०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळले होते. ते मिसळताना बाटली हलवावयाची नाही, हळूच उलटसुलट करावयाची. जोराने हलविल्यास फेस होऊन प्रथिन बिघडते.

आता येथे नववीच्या मुलांनी कागद-पेन्सिल घ्यावी. एकूण औषध १००० मिलिग्रॅम, एकूण द्रव ५०० मिलिलिटर. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम. माझ्या नळीचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. तेव्हा सबंध पिशवीत दहा हजार थेंब. पहिल्या वेळी नियम असा की तासाला ५० मिलिग्रॅम या वेगाने आरंभ करावयाचा, आणि दर अर्ध्या तासाने वेग ५०ने वाढवीत जास्तीत जास्त ४००पर्यंत न्यावयाचा. ५० मिलिग्रॅम म्हणजे तासाला २५ मिलिलिटर, म्हणजे ५०० थेंब, म्हणजे मिनिटाला केवळ आठ थेंब! पुष्कळ ठिकाणी हे काम विजेवर चालणारा पंप करतो. आमच्या सिस्टर घड्याळ हातात धरून थेंब मोजीत होत्या आणि नळीवरचे चाक केसभर फिरवून ते नेमके आणीत होत्या. सारे सुरळीत झाले तर पहिल्या साडेतीन तासांत ७०० मिलिग्रॅम जाते आणि उरलेले ३०० पाऊण तासात. एकूण सव्वाचार तास. बेरीज करून पाहा.

इतका सावकाशपणा कशासाठी? बी पेशी एकदम मोठ्या संख्येने फुटू लागल्या तर त्यांच्यातून व त्यांना खाणाऱ्या पेशींतून काही दाहक द्रव्ये रक्तात लोटतात. त्याने थंडी वाजून ताप येतो, अंगाला खाज सुटते, घसा दाटतो, रक्तदाब उतरतो. क्वचित प्रसंगी प्रकृती गंभीर होते. पहिल्या वेळी बी पेशी भरपूर असतात, म्हणून हा त्रास बहुधा पहिल्याच वेळी आणि पहिल्या दोन तासांत होतो. औषध थेंबाथेंबाने दिले की शरीराला सावरण्यास वेळ मिळतो, आणि बिघडलेच तर चाक फिरवून क्षणात थांबविता येते. सरळ टोचून टाकलेले औषध परत कसे घेणार?

माझ्या बाबतीत बिघडले. तिसऱ्या वेगावर, म्हणजे तासाला १५० मिलिग्रॅम चालू असता, बारा वाजावयास दहा मिनिटे होती तेव्हा घशात आतून खाजल्यासारखे झाले. प्रथम वाटले, कोरड पडली असेल. उगाच कशाला कोणास बोलवा? आपल्याकडील स्त्रियांना हे सोसणे फार लवकर शिकविले जाते. परंतु सकाळीच सिस्टरने निक्षून बजावले होते की काहीही वेगळे वाटले, मग ते कितीही क्षुल्लक असो, तत्काळ सांगावयाचे. मी सांगितले. तेवढ्यात कान तापले आणि मानेवर लाल चट्टे उठले. सिस्टरने एका झटक्यात चाक बंद केले, डॉक्टरांना हाक मारली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘गभराशो नहीं, बेन. आवुं थाय.’ असे होते, भिऊ नका. त्या ‘असे होते’ने मला जितका धीर आला तितका पुढच्या इंजेक्शनानेही आला नसेल.

चाळीस मिनिटांत चट्टे मावळले. साडेबाराला औषध पुन्हा सुरू झाले, ते आधीच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ७५ने. आणि पुन्हा दर अर्ध्या तासाला ५०ची चढण. दर वेळी वेग वाढविण्यापूर्वी नाडी व रक्तदाब पाहिला जाई. अंगात थोडी हुडहुडी भरली होती, म्हणून यजमानांनी घरून आणलेली शाल पांघरली. दोनच्या सुमारास डब्यातील खिचडी उजव्या हाताने खाल्ली. सव्वाचारला पिशवी रिकामी झाली. तरी सुटका नाही. नळी तशीच ठेवून आणखी एक तास बसविले, कारण उशिरा येणारा त्रासही असतो. साडेपाचला आम्ही घराकडे निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा मूठ मिटली. कित्येक महिन्यांत अशी मिटली नव्हती. घरात सर्वांना आनंद झाला. मी मात्र तो आनंद जपून घेतला, कारण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की ही किमया आदल्या दिवशीच्या स्टेरॉइडची. ती चार दिवस टिकेल आणि जाईल. तशीच ती गेली. पाचव्या दिवशी हात पुन्हा लाकडासारखे. ज्याला हे ठाऊक नसते तो येथे खचतो आणि ‘एवढा पैसा पाण्यात गेला’ म्हणून उपचार सोडतो. खऱ्या औषधाचा गुण दिसावयास आठ ते सोळा आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा झाली. पहिल्या वेळी त्रास न होणाऱ्यांना ती १००च्या वेगाने सुरू करतात व सव्वातीन तासांत संपवितात. मला त्रास झाला होता म्हणून पुन्हा ५०नेच आरंभ. या खेपेस काहीही झाले नाही.

बाराव्या आठवड्याच्या आसपास, मला नेमका दिवस सांगता येणार नाही, फळ्यावर पूर्ण धडा लिहून झाल्यावर लक्षात आले की खडू एकदाही खाली पडलेला नाही. आजही पहाटे दहा-पंधरा मिनिटे बोटे आखडतात. मनगटाच्या हाडाचे जे झिजले ते भरून येणार नाही. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी चालूच आहे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासून पुढची मात्रा केव्हा द्यावयाची ते ठरेल. शरीराच्या पहारेकऱ्यांपैकी एक तुकडीच काढून टाकली असल्याने जंतूंपासून जपावे लागते. ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे लागते, आणि जिवंत विषाणूंपासून बनविलेल्या लसी मला आता चालत नाहीत. म्हणून वर्गात कोणास कांजिण्या किंवा गोवर निघाला तर मुलांनी मला आधी कळवावे, ही विनंती.

ज्यांच्या घरी अशा उपचाराची वेळ येईल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सैल बाह्यांचे कपडे घालावे. शाल, पाणी, डबा व आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. सोबतीला एक माणूस दिवसभर असावे, कारण खाजेवरच्या औषधाने झोप येते आणि एकट्याने रिक्षाने परतणे बरे नव्हे. त्या दिवशी खोकला, ताप वा लघवीला जळजळ असेल तर ते लपवू नये. औषध पुढे ढकलले तरी चालते. रात्री स्टेरॉइडमुळे झोप लागत नाही, मधुमेह असल्यास साखर चढते. तेही आधी विचारून ठेवावे.

आणि ज्यांचे अजून निदानच झालेले नाही त्यांच्याविषयी. हातांचे तीन वा अधिक सांधे सुजले असतील, पहाटेची आखडण अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि असे सहा आठवडे चालले असेल, तर ते थंडीचे वा कामाचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. तेथील बाह्यरुग्ण विभागात दाखवून रक्त तपासून घ्यावे. केवळ ‘आर. ए. फॅक्टर’ आढळला म्हणजे आमवात झालाच असे नाही, आणि नाही आढळला म्हणजे नाहीच असेही नाही. हात तपासून ठरविणारा डॉक्टर हवा. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर हाड कुरतडण्याआधीच रोग आवरतो, आणि पुष्कळांना माझ्यासारखे खुर्चीत दहा हजार थेंब मोजीत बसण्याची वेळच येत नाही.